आठ बादल्यांची खुशाली

शेवगाव
दि. ९ जुलै

आयु. भागिरथीस,
सप्रेम जय भीम.

विषय : गच्चीवरील बादल्यांत लावलेली टोमॅटोची झाडे (नग आठ) यांच्या प्रकृतीबाबत.

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, तू यशोधराच्या बाळंतपणासाठी भंडारदऱ्याकडे गेल्यास आज आठ दिवस झाले. झाडे जिवंत आहेत. मीही आहे.

हसू नकोस. अडतीस वर्षांच्या संसारात तुला पत्र लिहायची वेळच आली नाही, त्यामुळे बायकोला मायना कसा घालतात तेच मला माहीत नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बत्तीस वर्षं काढली, जे काही लिहिलं ते साहेबांना लिहिलं, हात तसाच वळतो. फोन करावा तर लेकीच्या वाडीला रेंज नाही. जावईबापू आठवड्यातून एकदा राजूरला उतरून टपाल नेतात-आणतात म्हणे, तर हेच बरं.

आता मुद्दा. आज सकाळी गच्चीवर गेलो तर झाड क्र. १ ची दोन फळं तडकलेली. क्र. ३ आणि ५ च्या फळांना बुडाला काळा डाग, रुपयाएवढा. क्र. ७ ची पानं दुपारी सुरळी करून बसतात. पाणी तू सांगितलंस तसंच चालू आहे : सकाळी उठल्याबरोबर बादलीला एक तांब्या. एक थेंब कमी नाही, एक थेंब जास्त नाही. भरल्या ट्रकांची वजनं केली मी, माझ्या मापात आजवर कुणी खोट काढलेली नाही. तरी आल्यावर तू म्हणशील, माझी झाडं यांनी मारली. म्हणून आधीच लेखी कळवून ठेवतो.

काय करावे, ते कळवावे. नातीचा पापा घ्यावा.

आपला विश्वासू (छे! तुझाच),
रंभाजी

*

वाडी, भंडारदरा
१६ जुलै

अहो,
जय भीम.

तुमचं पत्र यशोधरानं मोठ्यांदा वाचलं आन आमी तिघं हसून हसून लोळलो. बाळ दचकून उठलं. 'नग आठ' म्हनं! बरं झालं, माजा नग किती ते न्हाई लिवलं.

इथं पाऊस थांबायचं नाव न्हाई. धुनं वाळंना, बाळाची दुपटी चुलीवर धरून वाळवते, सगळ्या घराला धुराचा वास. जावई प्रशांतराव शाळंत छत्री घेऊन जात्यात आन नुसता दांडा घेऊन येत्यात.

आता ऐका. बुडाला काळा डाग हा रोग न्हाई. झाडाला कदी तहान, कदी पूर असं झालं की मातीतला चुना फळापोतर पोचत न्हाई, मंग फळ बुडातनं काळं पडतं. तडकतं ते बी त्येच्यापायीच. वाळलेलं फळ एकदम पानी पितं आन साल फाटती. तवा खरं सांगा, तुमी पानी द्यायचं इसरता, आन आठवलं की घागर ओतता, व्हय ना? पेपर वाचत बसला असाल.

पानांच्या सुरळ्या सांजच्याला उलगडत असतील तर काळजी न्हाई. वाऱ्याला आन उन्हाला झाड आंग चोरतंय. माजी जुनी निळी साडी मावळतीच्या बाजूनं बांधा. जुनी! नवी बांधाल तर मी हितनं वरडन. आन रसवंतीवाल्याकडनं उसाची चिपाडं आणून बादलीत चार बोटं पसरा, वल टिकती.

अजून एक. यशोधरा म्हनती, आई, पोर चालाय लागस्तवर ऱ्हा. डिसेंबरात तिची रजा संपती, ती दवाखान्यात कामावर गेली की पोरीला कोन बघनार? म्हंजी वरीसभर. मी अजून काय बोलले न्हाई. तुमी काय म्हनता?

भागिरथी

*

शेवगाव
दि. २२ जुलै

आयु. भागिरथीस,
सप्रेम जय भीम.

विसरतो? मी? बत्तीस वर्षांत एकदाही उशिरा हजेरी नाही माझी! सोबत पाण्याची नोंद जोडली आहे. १ जुलैपासून २१ जुलैपर्यंत, रोज, प्रत्येक झाड, एक तांब्या, वेळेसह. खाली सही आहे. नुकसानीची नोंदही त्यातच : तडकलेली फळं सापडली ९, १५ आणि २१ तारखेला. आता दाखव चूक.

साडी बांधली. जुनीच. शेजारच्या खातूनभाभींनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "भाईजान, भाभीची साडी उन्हात कशाला टांगली?" म्हटलं, टोमॅटोला नेसवलीय. त्या दिवसापासून त्या मला जरा सांभाळूनच बोलतात.

चिपाडं पसरली. भाकरी जमते. गोल होत नाही, पण पोटात गेल्यावर गोल-चौकोनी कोण बघतं.

यशोधराच्या विनंतीबाबत : लेक तुझी, नात तुझी, तू बघ. माझी हरकत नाही. येथील सर्व व्यवस्थित आहे.

तुझा,
रंभाजी

*

वाडी
२९ जुलै

अहो,
जय भीम.

तुमची नोंदवही मी चारदा वाचली. आन पाचव्यांदा वाचताना अशी उडाले की हातातलं दूध सांडलं.

मी निगाले एक तारखेला. दोन तारखेला आपल्या गल्लीत नळ यायचा हुता, मीच पिंप घासायला सांगून आल्ते. आपला नळ सहाव्या दिशी. दोनात सा मिळवा, आठ. चौदा. वीस. आन तुमची फळं तडकल्याली कदी दिसली? नऊ, पंदरा, एकवीस! दर बारीला नळाच्या दुसऱ्या दिशी!

नळाच्या दिशी सकाळपास्नं काय काय करता ते सगळं लिवा. चूळ भरल्यापास्नं. काय बी गाळू नका.

आन 'माझी हरकत नाही' म्हंजी काय वं? मी काय रजेचा अर्ज केला हुता? बायकू वरीसभर ऱ्हाऊ का म्हनून इचारती, आन तुमी शिक्का मारून परत धाडता. लई राग आला. दोन दिस पत्र लिवलं न्हाई.

भागिरथी

*

शेवगाव
दि. ४ ऑगस्ट

भागिरथी,
जय भीम.

विषय वगैरे घालत नाही, कारण घालायला तोंड उरलेलं नाही.

नळाच्या दिवशी मी सकाळी चूळ भरतो. मग पिंप, दोन हंडे, कळशी, माठ, सगळ्यातलं शिळं पाणी काढतो, कारण ताजं पाणी येणार. तूच लावलेली सवय : शिळं पाणी प्यायचं नाही आणि टाकायचंही नाही. मग मी ते बादली-बादलीने गच्चीवर नेतो आणि झाडांना घालतो. खातूनभाभींनाही तेच दुःख, त्याही आपलं पिंपभर शिळं पाणी भिंतीवरून देतात. म्हणतात, "झाडाला पानी म्हणजे सवाब, पुण्याचं काम, भाईजान, तुम्हीच घाला, माझे गुडघे दुखतात." त्यांचा सवाबही मीच ओततो.

आता तू विचारशील, हे नोंदीत का नाही? अगं, नोंद पाण्याची होती! हे पाणी कुठं होतं, हे शिळं पाणी होतं! आईशपथ, तुझं पत्र वाचेपर्यंत ते पाणी आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच दिवस एकेक तांब्या, मापात, सहीनिशी, आणि सहाव्या दिवशी गच्चीवर महापूर! जिन्यावरून पाणी वाहायचं तेव्हा मी त्यातून पाय वाचवत खाली यायचो आणि वहीत 'एक तांब्या' लिहायचो. हे लिहिताना मला एकट्यालाच इतकं हसू येतंय की खातूनभाभी पुन्हा डोकावून गेल्या.

आता या आठ जिवांचं काय करू ते सांग.

'हरकत नाही' बद्दल. तसं लिहायचं नव्हतं. काय लिहायचं होतं ते पुढच्या पत्रात लिहितो. तोवर झाडांचं बघू.

तुझा,
रंभाजी

*

वाडी
११ ऑगस्ट

अहो,

सवाब बी तुमीच वतता! माजं पोट दुखतंय हसून. हसताना बाळ मांडीवर हुतं, ते बी हसाय लागलं. तिचं पैलं हसनं तुमच्या येडेपनाला मिळालं बगा.

चूक माजी बी हाय. शिळं पानी मी खाली पेरूला घालायची, बादल्यांना न्हाई, ते सांगायचं ऱ्हायलं. पेरू जमिनीत हाय, त्यो नदी आली तरी पिईल. बादलीतलं झाड कुटं जाईल?

आता असं करा. शिळं पानी टाकू नका, एका पिंपात झाकून ठिवा आन सा दिस तेच पुरवून घाला. आपल्याला शिळं, झाडाला न्हाई. एक तांब्या म्या जून मयन्यात सांगितला हुता, आता झाडं वाढलीत, सकाळी दोन द्या. पर त्येच्या आदी बोट खुपसा, दोन पेरं. माती बोटाला चिकटली तर त्या दिशी पानी नगं. बादलीच्या बुडाची भोकं बुजली असतील, खिळ्यानं मोकळी करा. पानी बुडाशी घाला, पानांवर न्हाई, आभाळ आल्यावर तर अजाबात न्हाई, करपा येतो. काळी फळं तोडून टाका, जीव लावू नका. नवी फळं पंदरा दिसांत चांगली येतील.

सव्वा मयना झाला. मी या आठवड्यात येनार हुते, पर बाळाला सर्दी झाली. तवा थांबते.

पत्र जरा मोठं लिवा. पुढच्या पत्रात काय लिवनार हुता ते लिवा. आता तुमची पत्रं मी एकटीच वाचते, कुनाला देत न्हाई.

भागिरथी

*

शेवगाव
दि. २५ ऑगस्ट

भागिरथी,

सर्व सांगितल्याप्रमाणे केलं. भोकं मोकळी केली, बोट रोज खुपसतो, नख काळं ते काळंच. तरीही कळविण्यास वाईट वाटतं की प्रकृतीस उतार नाही. उलट नवीनच लक्षणं दिसतात.

क्र. २ ची अन्नावरची वासना उडाली आहे. क्र. ४ कोणाशी बोलत नाही. क्र. ६ ची पानं एकाच वेळी वाळलेली आणि कुजलेली आहेत, असं मी जन्मात पाहिलं नाही. क्र. ८ दिवसभर बरं असतं, पण संध्याकाळी पाच वाजता, तू चहा ठेवायचीस ना, बरोबर त्या वेळेला मान टाकतं. मी चहा करून त्याच्याजवळ बसतो. दोन कप करतो, सवयीने. मग दोन्ही मीच पितो आणि झोप येत नाही.

काट्यावर असताना घरी यायचो, तू काहीबाही सांगत असायचीस, खातूनभाभींची सून काय म्हणाली, भाजीवाल्याने काय दिलं. मी 'हं' म्हणायचो. आता वाटतं, ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांग. मी 'हं' म्हणणार नाही. प्रश्न विचारीन. सुनेचं पुढं काय झालं?

हे झाडांविषयीचं पत्र आहे. भरकटलं. तरी क्र. २, ४, ६ आणि ८ यांना काय द्यावं ते उलट टपाली कळव. फार सविस्तर कळव.

तुझा,
रंभाजी

*

वाडी
२ सप्टेंबर

अहो,

तुमच्या चार नंबरला सांगा, कोनाशी बोलत न्हाई म्हनून लाडात यायचं न्हाई. दोन नंबरला पिठलं-भाकरी. आठ नंबरचा चहा एकच कप करा, त्यो बी बिनसाखरेचा, त्येची शुगर वाढली हाय, डॉक्टरनं सांगितलंय. सा नंबरचं मातर मला कळंना. एकाच टायमाला वाळलं आन कुजलं? असलं झाड मी बी बगितलं न्हाई.

खातूनभाभीच्या सुनंचं पुढं लई झालं. ते पत्रात मावनार न्हाई, पर घ्या. (पुढची दोन पानं सुनंचीच हायती, बारीक अक्षरात, चष्मा लावा.)

बाळाची सर्दी गेली तर आता पोट दुखतंय. तवा अजून थांबते. यशोधरा परत इचारत हुती वरसाचं. मी म्हनलं, तुज्या बाची हरकत न्हाई म्हनं.

भागिरथी

*

शेवगाव
दि. ९ सप्टेंबर

भागिरथी,

कळविण्यास अत्यंत दुःख होतं की आठही झाडं दगावली. काल सकाळी. एकाच वेळी. शेवटी फार हाल झाले नाहीत.

आता तू म्हणशील, झाडं गेली, मग मी येऊन काय करू? तर येऊन मला बघ.

महिनाभर पुढच्या पत्रात, पुढच्या पत्रात करतोय. हे पुढचं पत्र. ऐक. जुलैत मी लिहिलं की हरकत नाही. ते खोटं होतं. हरकत आहे. लई हरकत आहे! वरीसभर काय, मला आठवडाभराचीही हरकत आहे. त्या दिवशी लिहिताना वाटलं, लेकीची गरज मोठी, आपण म्हाताऱ्याने मध्ये कशाला यायचं. आणि तसंही, तू जाऊ नकोस म्हणायची मला सवय कुठं होती? तू कधी गेलीच नव्हतीस.

घर खायला उठतं. भाकरी गोल व्हायला लागली आणि दाखवायला कुणी नाही. परवा एक एवढी गोल झाली की मी ती खातूनभाभींना भिंतीवरून दाखवली. त्या म्हणाल्या, "भाईजान, भाभीला बोलवून घ्या आता."

लेकीचंही खरं आहे. तिच्या पोरीला कुणीतरी हवं. मला मार्ग सुचत नाही. तूच सुचव, तुला सगळं सुचतं. पण एकदा ये.

तुझा, तुझा, तुझा,
रंभाजी

*

वाडी
१५ सप्टेंबर

अहो खोटारडे,

तुमचं पत्र उगाडलं तर घडीत टोमॅटोचं बी चिकटल्यालं. चांगलं भरल्यालं, पिकल्यालं. खाली कोपऱ्यात लाल डाग, वर मिठाचा खडा. मीठ लावून टोमॅटो खात खात त्याच टोमॅटोच्या मरनाचं पत्र लिवत हुता व्हय? रस हनवटीवरनं गळत असंल आन इकडं 'अत्यंत दुःख होतं'! मी एकटीच हसाय लागले ती थांबंना. यशोधरा पळत आली, तिला वाटलं मला काय झालं. तिला बी दाखवलं. आता प्रशांतराव शाळंत जाताना म्हनत्यात, शेवटी फार हाल झाले न्हाईत.

सा नंबरचं वाचलं तवाच मला शंका आल्ती. झाड एक तर वाळतं न्हाई तर कुजतं. दोनी एकदम फकस्त मानसाचं हुतं.

आता माजं बी ऐका. बाळाला सर्दी झाली न्हाई. पोट बी दुखलं न्हाई. गुटगुटीत हाय, दिसभर दूध पिती आन झोपती. ऑगस्टातच मी पिशवी भरली हुती. भरली आन परत सोडली. घरी आले तर तुमी पेपर तोंडाफुडं धरनार, आन पत्रं बंद हुनार. अडतीस वर्सांत तुमी माज्याशी येवडं बोललाच न्हाईत. प्रशांतराव राजूरवरनं टपाल घेऊन कदी येतील म्हनून मी दारात बसायची, या वयात! लाज वाटायची आन बसायची. म्हनून थांबले. तुमी झाडं मारून मला बोलवता, आन मी नातीला आजारी पाडून तुमचं पत्र मागवते. कुनाला सांगायची सोय न्हाई.

यशोधराला सगळं सांगितलं. तिनंच पिशवी भरून दिली. म्हनली, "आई, तू जा, तुझं लगीन आत्ता कुटं जमलंय."

तिच्या पोरीचं असं ठरलं : डिसेंबरात रजा संपली की मी परत येनार, पर एकटी न्हाई. तुमी बी यायचं. जावई म्हनत्यात, दोघं आलात तर पलीकडची खोली घेतो. हितं पाऊस पडतो, पान्याचं माप लागत न्हाई. तवर तीन मयने आपल्या घरी.

शुक्रवारी, एकोनीस तारखेला येते. हितल्या तालुक्याच्या अकोल्यावरनं गाडी मिळंल तशी, सांजच्याला पोचंन. स्टँडवर येऊन ताटकळत बसू नका.

तुमची, तुमची, तुमची,
भागिरथी

*

(दाराला चिकटवलेली चिठ्ठी)

१९ सप्टेंबर, दुपारी दोन

भागिरथी,

तू ताटकळू नका म्हणालीस, पण मी स्टँडवर गेलो आहे. गाडी संध्याकाळची आहे हे मला माहीत आहे. घरात बसवेना. चुकून तू आधी आलीस आणि चुकामूक झाली तर किल्ली खातूनभाभींकडे आहे. हात-पाय धू, पाणी ताजं आहे, चहा मात्र ठेवू नकोस, मी करणार आहे.

आणि एक. मी येईपर्यंत खातूनभाभींशी फार बोलत बसू नकोस. प्रवासात काय काय झालं, कोण भेटलं, गाडीत जागा मिळाली का, सगळं आधी मला सांगायचं.

रंभाजी